वाळूखालचा बर्फ

तळं सुटतं तेव्हा माणसं मरत नाहीत. वाळूच्या काठी राहणाऱ्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. पाणी आधी गढूळ होतं, मग वरून डोंगरात कुणीतरी जड पेटारे ओढतंय असा आवाज येतो, आणि तोवर शहाणी माणसं मेंढरं-घोडी हाकत टेकाडावर जाऊन बसलेलीसुद्धा असतात. वर बसून सुका मासा चघळत खालची नदी समुद्राएवढी झालेली बघायची, एवढंच काम उरतं. माणसं मरतात ती नंतर. पाणी गेलेलं असतं, ऊन पडलेलं असतं, वाळू अशी सपाट आणि गुळगुळीत दिसत असते की एखाद्या परक्याला वाटावं, वा, काय रस्ता आहे!

वर हिमनदीचा एक हात आडव्या दरीच्या तोंडाशी पसरलेला आहे. त्याच्यामागे पाणी साचतं, वर्षानुवर्षं साचत राहतं. एक दिवस ते बर्फाला खालून उचलतं आणि निसटतं. गाय सुटली म्हणावं तसं आमच्याकडे 'तळं सुटलं' म्हणतात. सुटलेलं पाणी हिमनदीचे लचके तोडून आणतं, कुणी घराएवढा, कुणी देवळाएवढा, आणि खाली वाळूवर टाकून देतं. जे वर पडून राहतात त्यांची भीती नाही. ते दिसतात, उन्हात गळतात, संपतात. घात करतात ते गाडले गेलेले. पुराने आणलेल्या वाळूनेच त्यांना पांघरूण घातलेलं असतं. खाली बर्फ गुपचूप वितळत असतो, वर वाळूचं छप्पर तसंच्या तसं. त्यावर कोल्हा पळाला तरी काही होत नाही. घोडं गेलं की संपलं.

त्या साली तळं गवतकापणी उरकता उरकता सुटलं. वीस वर्षांत एवढं पाणी आलं नव्हतं. पूर ओसरला तेव्हा काठावरच्या स्वार्तबक्की वाडीच्या अंगणातून बघितलं तर वाळूवर एक अख्खं गाव वसल्यासारखं दिसत होतं. पांढरी घरं, काळी घरं, बुरूज, भिंती, आणि माणूस एक नाही. संध्याकाळी त्या गावावर धुकं यायचं आणि आत कुठेतरी पाणी टिपटिपत राहायचं. रान्वेगला ते बघवायचं नाही. ती मेंढ्यांचं दूध काढताना मुद्दाम पाठ करून बसायची.

ही रान्वेग म्हणजे स्वार्तबक्कीच्या ब्रांदुरची बायको. पूर्वेकडच्या खाडीतली, मासेमाऱ्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला घोड्यावर नीट बसताही येत नव्हतं. सासरा सायमुंदुर अजून तिला त्यावरून टोचायचा. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा होता, पण जीभ शाबूत होती. तरुणपणी याने लोकांना वाळू पार करून दिलेली. डाक, पाद्री, डॉक्टर, एकदा तर एक वऱ्हाड. त्यामुळे वाळू म्हणजे आपल्या बापाची, असा त्याचा थाट.

"बसला," म्हातारा संध्याकाळी म्हणायचा.

"काय बसला?"

"ऐकू आलं नाही? मासेवाल्यांचे कान! गाडलेला एक बसला खाली."

आणि मग रान्वेगलाही ऐकू यायचं. दूर वाळूत कुणीतरी लांब सुस्कारा टाकल्यासारखा आवाज. हुश्श. त्यानंतर बराच वेळ वाळू घरंगळत राहायची. दुसऱ्या दिवशी तिथे गोल खड्डा. कडा अशा नेमक्या, जणू कुणी दोरी धरून आखल्यात. तळाशी हिरवट पाणी. पूर येऊन दोन महिने होत आले तरी हे रोज चालू होतं. जमीन आपल्याआपण श्वास सोडते आणि खाली बसते, हे काही तिला अंगवळणी पडेना.

"याला शेवट आहे की नाही, बाबा?"

"आहे की. बर्फ संपला की. दोन वर्षं, तीन वर्षं. घाई कसली? तो काय तुझ्या वाटेत बसलाय?"

वाटेत बसला होता का, हाच खरा प्रश्न होता. कारण ब्रांदुर आणि गडी केटिल पश्चिमेच्या बाजाराला गेले होते. कापायच्या मेंढ्या हाकत न्यायच्या आणि राय धान्याचं पीठ, कॉफी, साखर घोड्यांवर लादून आणायची, दर वर्षीचा रिवाज. जाताना समुद्राच्या बाजूने लांबून, ओल्या वाळूवरून गेले. येताना मात्र सगळ्यांनाच घराची ओढ असते. घोड्यांना तर जास्तच. पुढे ग्राना होती, करडी घोडी. पंधरा वर्षं ती वाट तिच्या खुरात बसलेली. आमच्याकडे म्हणतात, वाळूत लगाम सैल सोडावा आणि घोडीवर विश्वास ठेवावा, घोडीला पाण्याखालची वाट दिसते. खरं आहे ते. पाण्याखालची दिसते. वाळूखालचा बर्फ तिलाही दिसत नाही, हे मात्र म्हणीत कुणी घातलेलं नाही.

ब्रांदुर यायचा होता त्या दिवशी रान्वेग मेंढ्यांची पोटं कापून त्यांच्या पिशव्या शिवत बसली होती. मेंढीचं रक्त, पीठ आणि चरबी भरून त्या उकडायच्या, हिवाळाभर पुरतात. कोपरापर्यंत हात रक्ताचे. ब्रांदुरला ते फार आवडायचं. शिजत असतानाच येऊन झाकण काढायचा आणि शिव्या खायचा. तिने असा एकच माणूस आयुष्यात बघितला होता, ज्याला शिव्या दिल्या की तो खूश व्हायचा. त्याच्यावाचून घर कसं ओकंबोकं वाटत होतं. म्हातारा होता म्हणा, पण म्हातारा म्हणजे काय, बोलता पोपट!

"घोडं आलं," सायमुंदुर अचानक म्हणाला. "एकटंच आलं."

ती धावत बाहेर आली. ग्राना अंगणात उभी होती. खोगीर फिरून पोटाखाली लोंबत होतं, पिठाच्या पिशव्या गायब, आणि अंगाला आयाळीपासून खुरापर्यंत राखाडी चिखल. बर्फाच्या पाण्याबरोबर येतो ना, पिठासारखा बारीक गाळ, तो. डोळ्यांच्या पापण्यांतसुद्धा. घोडी थरथरत होती. रान्वेगने तिच्या मानेवर हात ठेवला तर हाताचं रक्त त्या चिखलात मिसळलं. रक्त कुणाचं, तेच क्षणभर तिला कळेना.

"दुसरं घोडं?"

"नाही, बाबा."

"खोगीर कुठाय?"

"पोटाखाली."

म्हातारा चाचपडत आला. त्याने घोडीचं तोंड हुंगलं, कान चाचपले, चिखल बोटांत घेऊन चोळला. बराच वेळ चोळला. मग त्याने टोपी काढली. सायमुंदुर टोपी देवळात काढायचा आणि जेवताना काढायचा, तिसऱ्या वेळी काढलेली तिने बघितली नव्हती.

"खड्ड्यातला गाळ आहे," तो म्हणाला. "नदीतला नाही. नदीतला खरखरीत असतो."

"म्हणून काय झालं? निघाला असेल तो. घोडी निघाली तशी. मी जाते बघायला."

"कुठे जातेस? बाहेर बघ."

बाहेर धुकं वाळूवरून सरकत कुंपणापर्यंत आलं होतं. ते बर्फाचं गाव तर केव्हाच गिळलं होतं. रान्वेग कुंपणावर चढून ओरडली, "ब्रांदुर!" आवाज दोन हात गेला आणि विझला. तिने पुन्हा हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. धुक्यातून उत्तर आलं ते एकच. हुश्श. कुठेतरी डावीकडे एक बसला.

"आत ये," म्हातारा म्हणाला. "तू पण जाऊन पड त्यात, म्हणजे मी आंधळा इथे मेंढ्यांशी बोलत बसतो."

ती आत आली. काय करणार? अंधार पडत आला होता. म्हाताऱ्याने दाराला अडसर लावला आणि आपल्या खाटेवर जाऊन बसला. दोघांपैकी कुणी जेवलं नाही. चुलीवर रक्ताच्या पिशव्या उकळत होत्या आणि त्यांचा वास घरभर पसरला होता. स्कुग्गी कुत्रा दाराशी तोंड करून पडला होता. म्हातारा पुटपुटत होता, प्रार्थनाच असावी. रान्वेगने ठरवून टाकलं होतं की रडायचं नाही. रडलं म्हणजे तो मेला हे मान्य केल्यासारखं होतं, आणि ते ती मुळीच मान्य करणार नव्हती.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

एक.

रान्वेग ताडकन उठली. म्हाताऱ्याने तिचा हात पकडला. एवढा जोर त्या वाळक्या बोटांत कुठून आला कोण जाणे.

"थांब."

"बाबा, सोडा! आला तो!"

"मोज."

आता हे सांगायला हवं. वाळूच्या काठी अंधार पडल्यावर आलेला माणूस तीनदा दार ठोकतो. बापाच्या नावाने एक, लेकाच्या नावाने एक, पवित्र आत्म्याच्या नावाने एक. मग खिडकीशी येऊन म्हणतो, 'इथे देव असो.' आतला म्हणतो, 'देव तुझं भलं करो,' आणि मगच अडसर निघतो. दोन वर्षांच्या पोरालाही हे शिकवलेलं असतं. मेलेल्याला तीन जमत नाहीत आणि देवाचं नाव त्याच्या तोंडातून निघत नाही. मेलेला एकदाच ठोकतो आणि वाट बघतो. वाळूत गेलेला, मातीत न पुरलेला माणूस पहिल्या रात्री घरी येतोच, आणि दार उघडलं तर एकटा परत जात नाही.

रान्वेग उभी राहिली. तिने मोजलं. मोजायला पुढे काहीच नव्हतं.

स्कुग्गी उठून दाराशी गेला. भुंकला नाही. फटीला नाक लावून कुंईकुंई करायला लागला आणि त्याची शेपटी हलत होती.

"बाबा, शेपटी हलवतोय. ओळखीचा आहे."

"ओळखीचाच असणार! आपलं माणूस मेलं म्हणून कुत्र्याला काय परकं होतं?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "माझ्या आईने उघडलं होतं. थोरल्या भावासाठी. एकच थाप. मी होतो तिथे, एवढासा. उघडल्यावर बाहेर कुणी नव्हतं. त्या हिवाळ्यात आई गेली. मला सांगू नकोस."

"मग मी खिडकीतून बघते. बघायला काय होतं?"

खिडकी म्हणजे वीतभर काच. तिने दिवा उचलून काचेशी नेला आणि तोंड जवळ लावलं. बाहेर, हाताच्या अंतरावर, काहीतरी उभं होतं. माणसाच्या उंचीचं. राखाडी. केस नाहीत, टोपी नाही, कपडे कुठे संपतात आणि अंग कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन लिंपलेले गोळे, तोंडाच्या जागी एक फट. वाळू उठून उभी राहून दाराशी आली होती. ते हळूहळू खिडकीकडे वळलं. फट थोडी उघडली आणि तिच्यातून गाळ ओघळला. आवाज आला नाही.

रान्वेगच्या हातातून दिवा पडला आणि विझला.

खोटं कशाला सांगायचं, तिची पाचावर धारण बसली. म्हाताऱ्याने आता तिचा हात धरलेला नव्हता. दार तीन पावलांवर होतं. अडसर एका हाताने निघणारा होता. ती जागची हलली नाही.

"नाव घे देवाचं!" ती शेवटी ओरडली. "कोण आहेस? देवाचं नाव घे, मी उघडते! ब्रांदुर, एवढं एक कर रे!"

बाहेर काहीतरी घासलं गेलं. मग दाराच्या खालच्या बाजूला जड काहीतरी टेकलं. कुत्रा वेड्यासारखा फळी ओरबाडायला लागला, तेव्हा म्हाताऱ्याने त्याला मानेला धरून खाटेखाली कोंबलं. रान्वेग भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि कानांवर हात दाबून धरले. किती वेळ कोण जाणे. हात काढले तेव्हा दाराशी काही नव्हतं. बाहेर कडाक्याचं गोठायला लागलं होतं. छपरावरचं गवत करकरत होतं.

उजाडलं ते स्वच्छ. धुकं नाही, वारा नाही. रान्वेगने अडसर काढला. दारात गाळाचा एक मोठा डाग गोठला होता आणि तिथून एक फरपट निघाली होती. वाळूकडे नव्हे. मेंढवाड्याकडे.

तिथे मेंढ्यांच्या मधोमध, उबेला, केटिल पडला होता. घोरत होता.

तिने त्याला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. गाळाचे पोपडे निघाले आणि आतून गड्याचा ओळखीचा, वेडाबागडा चेहरा वर आला. एका पायात जोडा नव्हता. ओठ फुटून काळे पडले होते.

"मालकीणबाई," तो म्हणाला. आवाज नव्हताच, नुसती हवा. "का नाही उघडलंत?"

"तू... तू एकदाच ठोकलंस!"

"हात एकदाच उचलला गेला." त्याने हात दाखवला. बोटं सुजून गच्च मिटलेली होती. "म्हटलं, ठोकलंय ना. उघडतील. तोंडात सगळा गाळ... देवाचं नाव मनात घेतलं मी. मनात घेतलं तर चालत नाही का हो?"

"ब्रांदुर कुठे आहे?"

"खड्ड्यात."

"गेला?"

"नाही! जिवंत आहे! म्हणून तर आलो!" केटिल रडायला लागला. "ग्राना पुढे होती. जमीन गेली खालून. सगळेच आत, माझं घोडं तर दिसलंसुद्धा नाही पुन्हा. ग्राना त्याने ढकलून वर काढली. मग मला म्हणाला, खांद्यावर पाय दे आणि चढ. मी म्हटलं, तू? तर म्हणाला, मला काय धाड भरलीय, मी कमरेएवढ्यात तर आहे. तू जा, रान्वेगला सांग दोर आण, आणि तिला सांग पिशव्या सगळ्या खाऊ नको. मी खांद्यावर चढलो, मालकीणबाई. माझ्या वजनाने तो अजून खाली गेला. मला दिसलं ते."

सायमुंदुर तिच्या मागे येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. नुसता दाराच्या चौकटीवर हात फिरवत राहिला, जणू तिथे काही चिकटलंय आणि ते निघत नाहीये.

दोर घेतला, शिडी घेतली, ग्रानाला शिडी ओढायला जुंपलं. केटिलला वाट दाखवायला घोडीवर बसवलं आणि म्हाताऱ्याने घोडीची शेपटी धरली. येऊ नको म्हणायची कुणाची टाप होती? तिघं आणि एक घोडी त्या बर्फाच्या गावात शिरले.

दोन महिन्यांत ते गाव म्हातारं झालं होतं. भिंती झिजून काळ्या सुळक्यांसारख्या उरल्या होत्या, प्रत्येकाच्या अंगावर खडीची टोपी. रात्रीच्या गोठणाने टिपटिप थांबली होती. इतकं शांत होतं की केटिलचा श्वास मोठा वाटत होता. दोन्ही बाजूंना गोल खड्डे, एकसारखे, एकाच्या कडेला दुसरा. काही ठिकाणी जमीन सपाटच होती, पण तिच्यावर एक बारीक गोल भेग उमटलेली असायची, पातेल्याएवढी, अंगणाएवढी. म्हातारा काठीने पुढची जमीन ठोकत ऐकत होता. "इथून नको," म्हणायचा, आणि सगळे लांबून वळसा घालायचे. आज त्याच्या जिभेला धार नव्हती.

"ब्रांदुर!" रान्वेग ओरडली.

सुळक्यांनी ते नाव एकमेकांना सांगितलं आणि मग गप्प झाले. "झोपला असेल," केटिल म्हणाला. "रात्रभर जागा राहिला असेल ना, म्हणून."

केटिलने आपला चाबूक कडेला रोवून ठेवला होता, म्हणून तरी खड्डा सापडला. खड्डे काय, सगळे सारखेच. कडेपासून बऱ्याच अलीकडे म्हाताऱ्याने सगळ्यांना थांबवलं.

"कोण जाणार?" तो म्हणाला. "केटिलला हात नाहीत. मला डोळे नाहीत."

"मी हलकी आहे," रान्वेग म्हणाली. "मासेवाल्यांची आहे. दोरावर आम्हीच बरे."

कमरेला दोर बांधून ती पोटावर सरकत कडेपर्यंत गेली, शिडी आत सोडली आणि उतरली. एका बाजूला अजून बर्फाची भिंत होती, निळी, आतून उजेड आल्यासारखी. खालच्या गाळावर रात्रीत साय धरावी तसा पातळ बर्फ धरला होता. आणि त्यात ब्रांदुर, छातीपर्यंत. दोन्ही हात पुढे पसरलेले, डोकं दंडावर टेकलेलं. नखं तुटली होती. बर्फाच्या भिंतीवर जिथवर हात पोचत होता तिथवर ओरखडे होते. रात्री ओरडला असेल तर किती वेळ ओरडला असेल, ते त्या भिंतीला ठाऊक.

शिडी गाळावर आडवी टेकवून तिने त्याचं तोंड वळवलं. डोळे उघडे होते. बुबुळांवर गाळाचा पातळ थर बसला होता आणि पापणी हलत नव्हती. तिने त्याच्या ओठांशी गाल नेला आणि थांबली. पुन्हा थांबली. सुरीचं पातं नाकाशी धरलं. पातं स्वच्छ राहिलं. गळ्याची शीर दोन बोटांनी शोधली, तिथे काही नव्हतं.

मग तिने त्याच्या लोकरी सदऱ्याच्या गळ्यातून हात आत घातला, काखेत, अगदी खोल.

ऊब होती.

कालची नव्हती ती ऊब. तिला चांगलं कळत होतं. मेंढरं कापणाऱ्या घरातली बाई ती, जीव गेल्यावर अंग कसकसं निवतं हे तिला कुणी शिकवायला नको. रात्र त्याने काढली होती. सगळी काढली होती. उजाडताना, त्या मेंढवाड्यात केटिल घोरत होता तेव्हा, हा अजून होता. दोर रात्रीच आला असता तर आज हा चुलीशी बसून शिव्या खात असता.

"रान्वेग!" वरून म्हाताऱ्याची हाक आली. "बोल ना गं! आहे का?"

तिने वर बघितलं. खड्ड्याच्या गोल तोंडातून आभाळ दिसत होतं. माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज.

"नाही, बाबा."

वर केटिलचं हुंदके देणं. मग पुन्हा म्हातारा, आणि आता त्याचा आवाज असा की तिने तो कधी ऐकला नव्हता, एखाद्या पोराचा असावा तसा.

"कधी... कधी गेला असेल? तुला कळतं. हात लावून बघ."

तिचा हात होताच तिथे. बोटांना ऊब लागत होती. तिला वाटलं, ओरडून सांगावं. आत्ता, म्हातारड्या! आत्ता गेलाय! तू माझा हात धरलास! आणि लगेच वाटलं, धरला खरा, पण सोडलाही होता. दार तीन पावलांवर होतं.

"कालच, बाबा," ती ओरडली. "केटिल वर चढला आणि हा गेला असणार. लाकूड झालंय नुसतं. दगड."

"म्हणजे... उघडलं असतं तरी?"

"तरी काही उपयोग नव्हता."

"देवा," म्हातारा वर म्हणाला. "देवा, देवा." तो रडत होता, पण त्या रडण्यात श्वास होता. मग नाक पुसल्याचा आवाज आला. "दोर बांध त्याला. काखेतून घे. आम्ही ओढतो. मला त्याच्या तोंडावरून हात फिरवू दे एकदा."

रान्वेगने आपल्या कमरेचा दोर सोडला, त्याच्या छातीभोवती घेतला, गाठ मारली. चांगली पक्की, मासेमाऱ्याची गाठ. मग तीच गाठ सोडली. गाळ ओळखणाऱ्या म्हाताऱ्याच्या बोटांना ऊबही कळली असती.

"गाठ बसत नाही!" ती ओरडली. "दोर भिजलाय. थांबा."

"घाई करू नकोस," म्हातारा म्हणाला. "सांभाळून."

ती त्याला बिलगून शिडीवर आडवी झाली. सदऱ्याची गुंडी काढली, गळा उघडा केला, मग छाती. बर्फाच्या भिंतीवरून गार हवा खाली उतरत होती, ती तिने त्याच्या अंगावर येऊ दिली. गाळातलं पाणी ओंजळीने घेऊन तिने त्याच्या छातीवर ओतलं, काखेत ओतलं, मानेवर ओतलं. नऊ वर्षं ज्या माणसाला थंडी वाजू नये म्हणून लोकर विणली, त्याला ती आपल्या हाताने निववत होती. "माफ कर रे," ती त्याच्या कानात म्हणत होती, "माफ कर, माफ कर," आणि पुन्हा ओंजळ भरत होती.

वरून दोनदा विचारणा झाली. दोनदा ती म्हणाली, होतंय.

शेवटी तिने हात पुन्हा काखेत घातला. आपल्याच बोटांवर विश्वास बसेना, ती केव्हाच बधिर झाली होती, म्हणून गाल लावून बघितला. ऊब उरली नव्हती. मग गुंड्या लावल्या, दोर आवळला आणि गाठ मारली.

"ओढा," ती म्हणाली.